रोख पगार, आईची शुश्रूषा आणि मेडिकेडची मागची पाच वर्षे

पत्र (संक्षेपाने): "माझी आई ८१ वर्षांची असून अमेरिकेची नागरिक आहे. बाबा २०१९ मध्ये गेले, तेव्हापासून ती आमच्याकडे, न्यू जर्सीतील एडिसनला राहते. दोन वर्षांपूर्वी तिला डिमेन्शियाचे निदान झाले. गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीपासून ओळखीतल्या एक गुजराती बेन आठवड्यातले पाच दिवस, रोज सहा तास तिच्याजवळ असतात. आईच्या खात्यातून एटीएमने पैसे काढून मी त्यांना तासाला २० डॉलर रोख देते. बेनकडे ग्रीन कार्ड आहे, पण पगार रोखच हवा असे त्या म्हणतात. आईची बचत १,६०,००० डॉलर आहे, बाबांच्या मागे मिळणारी सोशल सिक्युरिटी (सरकारी निवृत्तिवेतन) महिन्याला १,९०० डॉलर आहे. शिवाय पुण्यात काही मुदत ठेवी आहेत आणि सातारा जिल्ह्यात तिच्या माहेरच्या जमिनीत हिस्सा आहे. पुढे मेडिकेड (उत्पन्न आणि बचत कमी असलेल्यांचा उपचार-शुश्रूषेचा खर्च देणारी सरकारी योजना) लागेल असे दिसते. टेक्सासमधला भाऊ म्हणतो की आईने दरवर्षी आपल्या दोघांना १९,००० डॉलर द्यावेत, त्यावर कर नसतो. मामा म्हणतात की मे महिन्यात येशील तेव्हा आईच्या वतीने हक्कसोडपत्र करून टाक. रात्री आणि शनिवार-रविवार आईचे सगळे मीच करते. त्याचे पैसे मी घेतले तर चालतील का? आणि रोख पगारात आमचे काही चुकते आहे का?"

उत्तर:

शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण तुमच्या पत्रातील बाकीच्या गोष्टी त्याच्याभोवतीच फिरतात. आईच्या पैशातून आईच्या शुश्रूषेसाठी योग्य दराने पगार देणे यात मेडिकेडच्या दृष्टीने काहीही गैर नाही. तो पैसा तिच्यासाठीच खर्च होत आहे आणि मेडिकेडच्या मर्यादेपर्यंत बचत खाली येण्याचा तो सरळ मार्ग आहे. चुकते आहे ते इतकेच की पैसा शुश्रूषेवर गेला हे दाखवणारा एकही कागद तुमच्याकडे नाही. बँकेच्या उताऱ्यावर फक्त एटीएममधून काढलेल्या रकमा दिसतात, आणि अर्ज तपासणारा कर्मचारी तुम्हाला ओळखत नसतो.

हा कर्मचारी किती मागे जाऊन पाहतो, ते आधी सांगते. नावात २००५ हे साल असलेला आणि फेब्रुवारी २००६ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या सहीने अमलात आलेला 'डेफिसिट रिडक्शन अ‍ॅक्ट' आहे. त्यानुसार दीर्घकालीन शुश्रूषेसाठी मेडिकेडचा अर्ज केला की अर्जाच्या आधीच्या ६० महिन्यांतील आर्थिक व्यवहार तपासले जातात. न्यू जर्सीत ही तपासणी नर्सिंग होमपुरती नाही, घरी राहून मिळणाऱ्या दीर्घकालीन सेवांनाही ती लागू आहे. या काळात योग्य मोबदला न घेता कोणाला पैसा किंवा मालमत्ता दिलेली आढळली, तर त्या रकमेला राज्याने ठरवलेल्या नर्सिंग होमच्या सरासरी खर्चाने भागतात आणि जितके दिवस येतील तितके दिवस मेडिकेड शुश्रूषेचा खर्च देत नाही. तुम्ही आठवड्याला ६०० डॉलर देत आहात, म्हणजे चौदा महिन्यांत सुमारे ३६,००० डॉलर झाले. हिशेबाच्या सोयीसाठी नर्सिंग होमचा महिन्याचा खर्च १२,००० डॉलर धरला आणि ही सर्व रोख रक्कम देणगी ठरवली गेली, तर तीन महिन्यांचा दंड बसतो. तीन महिने ऐकायला फार वाटत नाहीत. पण हा दंड पैसे दिले त्या दिवसापासून मोजत नाहीत. आईची बचत एकट्या व्यक्तीसाठी असलेल्या २,००० डॉलरच्या मर्यादेपर्यंत उतरते, तिला नर्सिंग होमच्या पातळीची काळजी लागते आणि अर्ज इतर सर्व बाबतींत मंजुरीला पात्र होतो, तेव्हा कुठे हे दिवस सुरू होतात. हातात काहीच उरलेले नाही नेमक्या अशा वेळी तीन महिन्यांचे बिल समोर येते आणि ते बहुधा मुलांच्या खिशातून भरले जाते.

बेन ओळखीतल्या आहेत याकडेही दुर्लक्ष करू नका. नातेवाईक किंवा मित्रमंडळींनी त्या वेळी विनामोबदला केलेली सेवा मोबदल्याच्या अपेक्षेशिवायच केली होती, असे न्यू जर्सीचा नियम गृहीत धरतो. ते खोडून काढायचे असेल तर सेवा सुरू होण्याच्या आधीचा कागद लागतो. बेन सुरुवातीपासून पगार घेत आहेत, त्यामुळे तुमची बाजू भक्कम असायला हवी. मात्र तो पगार कुठेच दिसत नसेल, तर परक्या नजरेला हे प्रकरण शेजारधर्माचे वाटू शकते.

मागचे चौदा महिने पुसता येणार नाहीत, पण ते बऱ्याच अंशी उभे करता येतील. बेन कोणत्या दिवशी आल्या हे ज्यातून कळेल ते सर्व गोळा करा: फोनवरचे निरोप, भिंतीवरच्या कॅलेंडरवरच्या खुणा, डॉक्टरांच्या भेटींच्या नोंदी, तुमच्या कार्यालयातील हजेरी. मग दर आठवड्याला एटीएममधून काढलेल्या रकमेशेजारी त्या आठवड्याचे तास लिहा. हे दोन आकडे सातत्याने जुळत असतील, तर तो हिशेब बोलका ठरतो. त्यावर बेनची सही आणि केलेल्या कामाचे थोडक्यात वर्णन असेल तर उत्तमच. मागची तारीख टाकून करारपत्र तयार करण्याचा सल्ला कोणी देईल, तो मात्र ऐकू नका. ते खोटे कागदपत्र ठरेल आणि सरकारी अर्जाला ते जोडणे हा गुन्हा आहे.

आता रोख पगाराची दुसरी बाजू. कामाच्या वेळा तुम्ही ठरवता, काम कसे करायचे तेही तुम्हीच सांगता, तेव्हा कायद्याच्या दृष्टीने बेन स्वतंत्र कंत्राटदार नाहीत, घरगुती कर्मचारी आहेत. पगार आईच्या पैशातून जातो म्हणून मालक आई आहे. २०२५ मध्ये एखाद्या घरगुती कर्मचाऱ्याला वर्षाला २,८०० डॉलर किंवा जास्त रोख वेतन दिले असेल, तर सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा) यांचा कर भरावा लागतो. २०२६ साठी ही मर्यादा ३,००० डॉलर आहे. तुमचा वर्षाचा पगार ३१,२०० डॉलर होतो, म्हणजे मर्यादेच्या दहापट. मालकाचा हिस्सा ७.६५ टक्के, म्हणजे वर्षाला सुमारे २,३८७ डॉलर, आणि तितकाच हिस्सा कर्मचाऱ्याच्या पगारातून कापायचा असतो. तो कापला नसेल तर त्याचीही जबाबदारी मालकावरच येते. याशिवाय संघीय बेकारी कर आहे. तो पहिल्या ७,००० डॉलरवरच लागतो आणि राज्याचा बेकारी कर वेळेवर भरल्यास साधारण ४२ डॉलरवर मिटतो. हे सर्व आयकराच्या विवरणपत्राला जोडलेल्या 'शेड्यूल एच'मध्ये भरायचे असते. आईला विवरणपत्र भरावे लागत नसेल, तर शेड्यूल एच स्वतंत्रपणेही भरता येते. २०२५ चे ते राहून गेले आहे. कर खात्याची नोटीस येण्याआधी आपणहून उशिरा भरले तर व्याज आणि दंड लागतो, पण प्रकरण तिथेच मिटते. शिवाय उशिरा का होईना भरलेला हा कर मागच्या वर्षी पगार दिला गेला होता याचा पुरावा म्हणून मेडिकेडच्या अर्जातही कामी येतो.

यापुढचे काम फार अवघड नाही. आईच्या नावाने मालकाचा ओळख क्रमांक घ्यावा लागेल, राज्यात घरगुती मालक म्हणून नोंद करावी लागेल, बेनकडून काम करण्याच्या अधिकाराचा 'आय-९' फॉर्म भरून घ्यावा लागेल आणि वर्षअखेरीस त्यांना 'डब्ल्यू-२' हा पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला द्यावा लागेल. ज्यांना हे जमत नाही त्यांच्यासाठी घरगुती पगाराचा हिशेब सांभाळणाऱ्या सेवा थोड्या शुल्कात मिळतात. माझ्या मते तो खर्च करण्यासारखा आहे, कारण दर पंधरवड्याची पगार-पावती तयार होते आणि अर्जाच्या वेळी तीच पुढे ठेवता येते. न्यू जर्सीत १ जुलै २०२४ पासून घरगुती कामगारांच्या हक्कांचा कायदाही लागू झाला आहे. महिन्याला पाच तासांपेक्षा जास्त काम करणाऱ्याशी लेखी करार करणे त्यानुसार बंधनकारक आहे. म्हणजे मेडिकेडसाठी जो करार तुम्हाला हवा, तोच कायद्यानेही करायचा आहे. त्यात तास, दर, कामांचे स्वरूप (आंघोळ, जेवण, औषधांची आठवण, फिरायला नेणे), सुट्या आणि पगाराचा दिवस लिहा. पगार आईच्या खात्यातून धनादेशाने किंवा थेट बेनच्या खात्यात जमा करून द्या. तासाला २० डॉलर हा दर राज्याच्या किमान वेतनापेक्षा वर आहे आणि एजन्सी याच कामाचे जे घेतात त्यापेक्षा बराच कमी आहे, त्यामुळे दराबद्दल कोणी आक्षेप घेईल असे वाटत नाही. घराच्या विम्यात घरगुती कर्मचाऱ्याला इजा झाल्यास संरक्षण आहे का, हे विमा कंपनीला एकदा विचारून घ्या.

बेन रोखच का मागतात, त्याचे कारण तुम्ही लिहिलेले नाही. बहुधा उत्पन्न दिसले तर आपल्या सवलती जातील ही भीती असावी, किंवा कर कापला जाईल ही. त्यांना दम भरू नका. वेतन नोंदले गेले की त्यांच्या नावावर सोशल सिक्युरिटीचे क्रेडिट जमा होतात हे समजावून सांगा. निवृत्तिवेतनासाठी ४० क्रेडिट लागतात आणि वर्षाला जास्तीत जास्त चार मिळतात. २०२६ मध्ये एका क्रेडिटला १,८९० डॉलर लागतात. तुमच्याकडच्या पगारावर त्यांना वर्षाची चारही क्रेडिट सुमारे तेरा आठवड्यांत मिळतील. उतारवयात या देशात आलेल्या आपल्या अनेक बायका वर्षानुवर्षे रोखीने कामे करतात आणि पासष्टीला पोचल्यावर त्यांच्या खात्यात एकही क्रेडिट नसते. हे समजल्यावर त्या तयार होतील, अशी मला आशा आहे. पगार थोडा वाढवून त्यांच्या हिश्श्याच्या कराचा भार हलका करण्याचा विचार तुम्ही करू शकता. एवढे करूनही त्या नाहीच म्हणाल्या, तर दुसरी व्यक्ती किंवा एजन्सी पाहा. चौदा महिन्यांची माया आहे हे मला कळते, आणि डिमेन्शियाच्या माणसाला नवा चेहरा सोसत नाही हेही कळते. पण आणखी चार वर्षे असेच चालले, तर तपासणीच्या पाचही वर्षांत रोखच रोख दिसेल.

भावाच्या सूचनेकडे वळते. १९,००० डॉलरची मर्यादा खरी आहे, पण ती देणगी-कराच्या कायद्यातली आहे. मेडिकेडच्या कायद्यात अशी कोणतीही सूट नाही. एका खात्याला जी रक्कम करमुक्त वाटते, तीच दुसऱ्या खात्याच्या दृष्टीने पूर्ण दंडपात्र आहे. इतक्या शिकलेल्या माणसांची या एकाच ठिकाणी गल्लत होते, की याचे मला आता आश्चर्यही वाटत नाही. तुम्हा दोघांना मिळून वर्षाला ३८,००० डॉलर दिले, तर वरच्याच हिशेबाने दर वर्षाच्या देणगीमागे तीन महिन्यांहून जास्त दंड तयार होतो. पाच वर्षे अर्ज करायचा नाही अशी खात्री असेल तरच देणगीला अर्थ आहे, म्हणून पैसा किती पुरेल ते पाहू. आजच्या घडीला बेनचा पगार आणि कर मिळून महिन्याला साधारण २,८०० डॉलर जातात. आईचे इतर खर्च ८०० डॉलर धरले आणि १,९०० उत्पन्न वजा केले, तर महिन्याला १,७०० डॉलर बचतीतून जातात. या वेगाने पैसा सात वर्षांहून जास्त पुरेल. पण डिमेन्शिया आजच्या पायरीवर थांबत नाही. उद्या आठवड्याचे सातही दिवस बारा बारा तास कोणीतरी लागले, तर याच दराने नुसता पगार वर्षाला ८७,००० डॉलरच्या वर जातो आणि १,६०,००० डॉलर जेमतेम दोन वर्षे टिकतात. पाच वर्षांचे घड्याळ संपण्याआधी पैसा संपेल ही शक्यता इतकी मोठी असताना मी भावाचे ऐकणार नाही. आईचा पैसा आईच्याच खात्यात राहू द्या.

तुम्ही स्वतः पैसे घेण्याबद्दल: घेता येतील, आणि त्यात अपराधी वाटण्यासारखे काही नाही. पण ते फक्त पुढच्या कामाचे. मागच्या दोन वर्षांच्या रात्रींचा मोबदला आता एकरकमी घेतला, तर वर सांगितलेल्या गृहीतकानुसार ती देणगीच ठरेल. पुढच्यासाठी वकिलाकडून शुश्रूषेचा करार करून घ्या. त्यात बाजारभावाचा दर असावा, आणि बेन ज्या वेळी असतात त्या वेळेचे पैसे तुम्ही घेऊ नयेत. रोजच्या कामाची वही ठेवा. हे पैसे तुमचे करपात्र उत्पन्न धरले जातील, आणि तुम्ही सज्ञान असल्याने आईला तुमच्यासाठीही सोशल सिक्युरिटीचा कर भरावा लागेल. आईच्या वतीने कुलमुखत्यार म्हणून तुम्ही सही करायची आणि समोरच्या बाजूलाही तुम्हीच, असा करार टिकणे कठीण आहे. आईला अजून कळते आहे तोवर तिची सही घ्या, नाहीतर भावाला सहकुलमुखत्यार करून त्याची घ्या. आई तुमच्या घरात राहते, तेव्हा घरभाडे आणि किराण्याचा तिचा वाजवी वाटाही लेखी ठरवून घेता येतो. अनेक घरांत हा हिशेब करायला संकोच वाटतो, पण शुश्रूषेच्या करारापेक्षा तो सोपा आणि कमी वादाचा आहे. कुलमुखत्यारपत्र न्यू जर्सीच्या कायद्याप्रमाणे केलेले आणि आईची समज गेल्यावरही टिकणारे हवे. पुण्याच्या वकिलाने बँकेच्या कामासाठी केलेले जुने मुखत्यारपत्र इथे उपयोगाचे नाही. डिमेन्शियाचे निदान झाले म्हणजे सही करण्याची क्षमता लगेच संपत नाही, पण ती फार काळ थांबतही नाही, म्हणून हे काम या महिन्यातच करा.

एक दिलाशाची गोष्ट. मेडिकेड म्हणजे नर्सिंग होमच, असे नाही. न्यू जर्सीत २०१४ पासून दीर्घकालीन सेवा 'एमएलटीएसएस' या व्यवस्थेतून घरीही मिळतात. २०२६ ची उत्पन्नाची मर्यादा महिन्याला २,९८२ डॉलर आहे आणि आई त्याच्या बरीच खाली आहे, त्यामुळे उत्पन्नासाठी वेगळा ट्रस्ट करण्याची गरज नाही. आईची बचत संपल्यावर 'पर्सनल प्रेफरन्स प्रोग्रॅम'मधून आपल्या पसंतीच्या व्यक्तीला, काही अटींवर घरच्या माणसालाही, कामावर ठेवता येते आणि पगार मेडिकेडमधून जातो. बेनचे कागद आज नीट असतील, तर उद्या त्याच बेन सरकारी पगारावर तुमच्या आईजवळ राहू शकतील. बेनला राजी करताना हेही सांगता येईल.

आता मामांचे. पुण्यातील मुदत ठेवी आणि माहेरची जमीन ही आईची मालमत्ता आहे आणि अर्जात ती दाखवावीच लागेल. मालमत्ता परदेशात आहे म्हणून मेडिकेडला ती कमी मोजावी लागत नाही. परदेशातील खात्यांची एकत्र रक्कम वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली असेल, तर त्यांची वार्षिक माहिती अमेरिकी अर्थखात्यालाही द्यावी लागते. ती दिली जाते ना, एवढे पाहा. जमिनीबाबत दोन कायदे एकमेकांसमोर उभे राहतात, आणि योगायोगाने दोघांच्याही नावात २००५ हे साल आहे. भारतात त्या वर्षीच्या हिंदू वारसा (सुधारणा) कायद्याने मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क दिला. अमेरिकेत त्याच वर्षाच्या कायद्याने, मोबदला न घेता दिलेल्या कोणत्याही मालमत्तेसाठी पाच वर्षे मागे पाहण्याची व्यवस्था केली. आपल्याकडे बहिणीने भावासाठी हक्क सोडणे हा प्रेमाचा रिवाज समजला जातो. मेडिकेडला मात्र त्यात एवढेच दिसते की जो हिस्सा तिला मिळू शकला असता, तो तिने स्वतःच्या कृतीने घालवला. स्वतःच्या हक्काची मालमत्ता न स्वीकारणे हेही या कायद्यात हस्तांतरणच धरले जाते. त्यामुळे मामांच्या नावे हक्कसोडपत्र झाले, तर त्या हिश्श्याच्या बाजारभावाइतका दंड आईच्या अर्जावर येऊ शकतो.

याचा अर्थ जमीन विकलीच पाहिजे असा नाही. महाराष्ट्रात शेतजमीन शेतकरी नसलेल्याला सहसा विकता येत नाही, हिस्सा अविभाजित आहे आणि ताबा मामांकडे आहे. अशा मालमत्तेतून आज प्रत्यक्ष किती पैसा मिळू शकतो, हा वादाचा मुद्दा असतो आणि चांगला वकील तो मांडू शकतो. पण त्यासाठी हिस्सा आईच्या नावावर शिल्लक असायला हवा. मामांना खरोखरच जमीन एकहाती हवी असेल, तर त्यांनी रेडी रेकनरच्या आणि प्रत्यक्ष बाजाराच्या भावाला धरून आईचा हिस्सा रीतसर खरेदी करावा आणि पैसे आईच्या भारतातील खात्यात बँकेमार्फत जमा करावेत. विक्री योग्य किमतीला झाली तर ती देणगी ठरत नाही. मिळालेली रक्कम आईच्या बचतीत मोजली जाईल आणि तिच्याच शुश्रूषेवर खर्च होईल.

तेव्हा मे महिन्यात जाल तेव्हा मामांना हे आधी फोनवर सांगून ठेवा, म्हणजे दुय्यम निबंधकाच्या दारात उभे राहून नाही म्हणण्याची वेळ तुमच्यावर येणार नाही. येताना आईचे नाव लागलेल्या सातबाऱ्याची आणि फेरफाराची अलीकडची नक्कल, आजोबांच्या वारस नोंदीचा उतारा आणि मुदत ठेवींच्या पावत्या बरोबर आणा. एडिसनला परतल्यावर वकील पहिल्याच भेटीत हे कागद मागेल.